हाताने बनवलेल्या मेणबत्तीचा भाव कसा काढायचा

मेणबत्त्या बनवायला शिकवणारे वर्ग आता गल्लोगल्ली आहेत आणि व्हिडिओंना तर तोटाच नाही. मेण किती तापवायचं, सुगंधी तेल कधी मिसळायचं, वात मधोमध कशी बसवायची, हे सगळं तिथे नीट शिकायला मिळतं. भावाचा विषय निघाला की मात्र एकच सूत्र सांगितलं जातं: सामानाला जितके पैसे लागले त्याच्या दुप्पट भाव लावा. मग दिवाळी संपली की "माल सगळा गेला, पण हातात काही उरलं नाही" असं सांगणारे हमखास भेटतात. त्यांची मेणबत्ती चांगली असते, गिऱ्हाईकही खूश असतं. चुकलेला असतो तो भाव.

म्हणून एकच मेणबत्ती घेऊन तिचा हिशेब शेवटपर्यंत करून दाखवते: काचेच्या जारमधली, सोया मेणाची, सुगंधी. खालचे दर उदाहरणासाठी आहेत. तुम्ही तुमची बिलं समोर ठेवा आणि तुमचे आकडे घाला, रीत तीच राहील. एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे: किरकोळ भाव आधी ठरवू नका. आधी घाऊक भाव काढा, म्हणजे दुकानदाराला ज्या भावाने माल दिला तरी तुम्हाला परवडेल तो. किरकोळ भाव त्यावरून निघतो.

आधी वजन, मग पैसे

"दोनशे मिलीचा जार" असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो काठोकाठ भरलेल्या जारचं माप सांगत असतो. आपण तितका भरत नाही. जार वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि जिथपर्यंत मेण भरणार तिथपर्यंत पाणी ओता. समजा काट्याने १८० ग्रॅम दाखवले. सोया मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून या आकड्याला ०.८६ ने गुणायचं. आले साधारण १५५ ग्रॅम. मेण आणि तेल मिळून इतकं वजन त्या जारमध्ये बसणार.

सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ८ टक्के धरू. मग १४४ ग्रॅम मेण आणि साडेअकरा ग्रॅम तेल असा वाटा पडतो. तेलाची बाटली मिलीवर विकली जाते, पण टक्केवारी वजनाची असते, त्यामुळे तेलही काट्यावरच मोजा. झाकणाने किंवा चमच्याने मोजलेलं तेल दर बॅचला कमीजास्त होतं. मग वासही बदलतो आणि खर्चही. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा ही या धंद्यातली पहिली खरेदी असायला हवी, साचे आणि रंग नंतर.

सामान घरात येऊन कितीला पडलं

बिलावरचा दर म्हणजे खर्च नव्हे. पाच किलो मेण १,६०० रुपयांना घेतलं आणि कुरिअरचे २०० लागले, तर मेण किलोला ३२० ने नाही, ३६० ने पडलं. पुण्यात बोहरी आळीतून किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासहून स्वतः आणलंत तर रिक्षा, लोकल, हमाली हेही खर्चातच धरा. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर खरेदीवर भरलेला जीएसटी तुम्हाला परत मिळत नाही. तोही तुमचा खर्चच आहे, म्हणून कर धरूनच दर काढा.

आपल्या एका मेणबत्तीचं सामान असं:

मेण १४४ ग्रॅम, ३६० रुपये किलोने: ५१.८४
सुगंधी तेल ११.५ ग्रॅम, २,६०० रुपये किलोने: २९.९०
वात, तिची पत्र्याची चकती आणि चिकटपट्टी: ५.००
झाकणासह जार: ४४.००
लेबल, सूचनेचं स्टिकर, खोका, आतला कागद: २७.५०
एकूण: १५८.२४

जारची खरेदी ४२ रुपयांना झाली होती. पण ४८ मागवले आणि दोन फुटके निघाले, तर पैसे ४८ चे गेले आणि जार ४६ हाती आले. म्हणून ४४.

आता तूट. मेण वितळवायचं भांडं रिकामं असताना काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. सगळे जार भरून झाले की तेच भांडं पुन्हा ठेवा. आतल्या बाजूला चिकटलेली पातळ साय डोळ्यांना काहीच वाटत नाही, काट्यावर मात्र आकडा दिसतो. चमच्याला लागलेलं, ओट्यावर सांडलेलं, तेलाच्या बाटलीच्या तळाशी राहिलेलं वेगळंच. मेण आणि तेलावर ५ टक्के तूट धरली तर चार रुपये वाढले. सामान झालं १६२ रुपयांचं.

दुप्पट करणारे इथेच थांबतात आणि ३२४ रुपये भाव लावतात. या आकड्याकडे आपण पुन्हा येऊ.

मजुरी

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक हिशेब सोडून देतात. "घरचंच काम आहे", "मोकळ्या वेळात करते", "मला आवडतं म्हणून करते". आवडतं हे खरं, पण उद्या ऑर्डर वाढली आणि शेजारच्या मुलीला मदतीला बोलावलंत, तर तिला पैसे द्यावे लागतील. ते भावात नसतील तर ऑर्डर वाढल्यावर तुमचा तोटा वाढेल. म्हणून पहिल्या मेणबत्तीपासून मजुरी धरा, भले ती तुमच्याच खिशात जाणार असेल.

एक बॅच करताना मोबाइलवर घड्याळ लावा आणि प्रत्येक कामाचा वेळ लिहा. बारा मेणबत्त्यांच्या बॅचला साधारण असा वेळ लागतो: जार पुसून वाती बसवायला २० मिनिटं, मेण-तेल मोजून वितळवून ढवळायला ४०, ओतायला १५, वरचा पृष्ठभाग हीट गनने सारखा करायला १५, वाती कापून जार पुसायला १५, लेबल लावून खोक्यात भरायला ३५ आणि भांडी-ओटा साफ करायला २०. एकूण १६० मिनिटं. मेण थंड होत असताना तुम्ही दुसरी कामं करता, तो वेळ धरायचा नाही.

तासाला ९० रुपये मजुरी धरली तर बॅचचे २४० रुपये झाले, मेणबत्तीला २०. तासाचा दर ठरवताना स्वतःची किंमत काय, या विचारात अडकू नका. तुमच्या गावात हेच काम करायला माणूस किती घेईल तो दर धरा. वरच्या यादीत बघा, सगळ्यात जास्त वेळ एकतर मेणाला जातो नाहीतर खोक्याला. चोवीसची बॅच केली तर मोजणं, वितळवणं, धुणं यांचा वेळ दुप्पट होत नाही, मजुरी १६-१७ रुपयांपर्यंत उतरते. खोक्याला रिबन, सुकलेली फुलं, हाताने लिहिलेली चिठ्ठी असं काही जोडलंत की ती पुन्हा चढते. रिबन दोन रुपयांची असेल, पण ती बांधायला लागणारी तीन मिनिटं साडेचार रुपयांची असतात.

साच्यातल्या मेणबत्त्या बनवत असाल तर जारचा खर्च वाचतो, पण साचा झिजतो. ३५० रुपयांचा सिलिकॉनचा साचा शंभर वेळा नीट चालला, तर दर मेणबत्तीला साडेतीन रुपये त्याचे.

वरकड खर्च

हे कुठल्याच एका मेणबत्तीचे नसतात, तरी सगळ्यांनी मिळून भरायचे असतात. भांडी, काटा, थर्मामीटर, हीट गन, इंडक्शन शेगडी असं १४,४०० रुपयांचं साहित्य तीन वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला ४०० रुपये घसारा. विजेचा हिशेब सोपा आहे: १,५०० वॅटची शेगडी तासभर चालली की दीड युनिट. युनिटला १० रुपये धरले तर बॅचला १५ आणि महिन्यात आठ बॅच म्हणजे १२०. इंटरनेट आणि फोनचा वाटा २५०, येणंजाणं ३६०, टिश्यू, हातमोजे, साफसफाई १७०.

आणि चाचणीच्या मेणबत्त्या. आठ बॅचमधल्या ९६ पैकी चार स्वतः जाळून बघण्यासाठी ठेवा, खोका-लेबल न लावता. त्यांचं सामान ५४० रुपयांचं. या खर्चाला कात्री लावू नका, कारण याच चार मेणबत्त्या तुम्हाला भाव सांगायला तोंड देतात. जळण्याआधी वजन करा, चार तास जाळा, विझवून थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. १८ ग्रॅम घटले असतील तर तासाला साडेचार ग्रॅम. जारच्या तळाशी बोटभर मेण राहिलं की मेणबत्ती विझवायची असते, नाहीतर काच तापून तडकते. ते सोडून ही मेणबत्ती तीस तास जळेल असं तुम्ही खात्रीने सांगू शकता. "इतकी महाग का?" असं विचारणाऱ्याला तीस तासांचा आकडा पटतो, "हाताने बनवली आहे" एवढ्याने तो हलत नाही. त्याच चाचणीत वात बारीक आहे की जाड, मेण कडेपर्यंत वितळतं की मधोमध खड्डा पडतो, काजळी धरते का, हेही कळतं.

सगळं मिळून महिन्याचे १,८४० रुपये. विकायच्या ९२ मेणबत्त्यांवर वाटले तर प्रत्येकी २०.

सामान १६२, मजुरी २०, वरकड २०. मेणबत्ती तुम्हाला २०२ रुपयांना पडली.

आता घाऊक भाव

नफा किती टक्के, हे ठरवताना टक्के कशावर मोजताय ते आधी स्पष्ट करा. खर्चावर २५ टक्के म्हणजे २०२ चे झाले साधारण २५२. विक्रीच्या भावात २५ टक्के नफा हवा असेल तर २०२ ला ०.७५ ने भागायचं, येतात २६९. दोन्हीला लोक "पंचवीस टक्के"च म्हणतात आणि मधले सतरा रुपये हरवतात. दुकानदार नेहमी विक्रीच्या भावावर बोलतो, म्हणून तुम्हीही तसंच मोजा. आपण घाऊक भाव २७० धरू.

भेटवस्तूंचं दुकान छापील किमतीच्या ४० टक्के मागतं असं धरा. मग तुमच्याकडे ६० टक्के येतात. २७० ला ०.६० ने भागलं की ४५०. ही तुमची छापील किंमत.

आता त्या ३२४ कडे या. दुकानदाराचे ४० टक्के काढले की तुमच्या हातात १९४ रुपये पडतात आणि मेणबत्ती २०२ ला पडलेली आहे. दर नगामागे आठ रुपये घरातून गेले. घरबसल्या मैत्रिणींना विकताना ३२४ चा भाव चालतो, किंबहुना बरा वाटतो. पहिलं दुकान दारात आलं की तो कोसळतो. आणि तोवर इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी ३२४ पाहिलेले असतात, तीच मेणबत्ती दुकानात ४५० ला ठेवता येत नाही.

याच कारणाने, दुकानात माल ठेवल्यावर घरून तो स्वस्तात विकू नका. घरून विकताना जे जास्तीचे १८० मिळतात, तो फुकटचा नफा नव्हे. फोटो काढणं, मेसेजला उत्तरं देणं, पार्सल करणं ही दुकानदाराची कामं तेव्हा तुम्ही करत असता.

बाजारात हीच वस्तू साडेतीनशेला मिळते, मग?

मिळणारच. आधी बघा की ती खरंच हीच वस्तू आहे का. पॅराफिन मेण सोयापेक्षा बरंच स्वस्त असतं आणि त्याचं गिऱ्हाईकही वेगळं असतं. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणबत्त्या नवसासाठी विकल्या जातात. तिथे घेणारा वास किंवा खोका बघत नाही आणि त्या भावाशी सुगंधी जारची तुलना करण्यात अर्थ नाही. पण तुमच्याच पेठेत, तसाच सोया जार साडेतीनशेला जात असेल तर खर्च कुठे उतरतो ते शोधा.

पहिला हात बहुतेकांचा तेलाकडे जातो. ८ ऐवजी ६ टक्के तेल घातलं तर वाचतात किती? जेमतेम सहा रुपये. आणि गिऱ्हाईक त्या वासासाठीच आलेलं असतं. उलट छापील खोका काढून साधा टॅग बांधला तर तेरा रुपये वाचतात, जार साधा घेतला तर पंधरा-वीस. माझ्या मते कात्री नेहमी बाहेरून लावावी, आतून नाही. मजुरीला तर कधीच नाही.

लहान मेणबत्ती करून बघणं हाही उपाय आहे, पण निम्मं मेण म्हणजे निम्मा भाव असं समजू नका. शंभर मिलीच्या पत्र्याच्या डबीचं सामान ७८ रुपयांत होतं, तरी वात बसवायला, लेबल लावायला वेळ जवळपास तितकाच लागतो. मजुरी १८ आणि वरकड २० धरले की ती ११६ ला पडते आणि त्याच रीतीने छापील किंमत २६० च्या घरात जाते. २२५ ला विकायला बसलात तर दुकानाचे ४० टक्के जाऊन १३५ हातात येतात आणि नगामागे जेमतेम एकोणीस रुपये उरतात.

प्रदर्शन, कुरिअर, मोठी ऑर्डर

दोन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉलचं भाडं ६,००० आणि मदतनीसाचे १,४०० असे ७,४०० रुपये लागणार असतील, तर ४५० मधून २०२ वजा केले की नगामागे २४८ उरतात. ७,४०० भागिले २४८, म्हणजे तीस मेणबत्त्या विकल्यावर तुम्ही ना नफा ना तोट्यात. कमाई एकतिसाव्यापासून. बुकिंग करण्याआधी हा भागाकार करा आणि आयोजकाला मागच्या वेळी कोणत्या दिवशी किती गर्दी होती ते विचारा. "ओळख होते, प्रसिद्धी होते" म्हणून तोट्यात स्टॉल घेणं एखाद्या वेळी ठीक आहे, मात्र तो आकडा जाहिरातीच्या खर्चात लिहा.

कुरिअरमध्ये वजनाइतकाच आकार महत्त्वाचा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर पैसे त्यावर लागतात. १५ सेंटिमीटरचा चौकोनी खोका पाऊण किलोच्या जवळ जातो आणि एक किलोच्या टप्प्यात पडतो. १२ बाय १२ बाय १३ चा घेतला तर अर्ध्या किलोच्या आत बसतो, अर्थात जारसकट खरं वजनही तितकंच हवं. म्हणून जार निवडतानाच त्याचं रिकामं वजन करा. जाड काच हातात छान वाटते, पण पार्सलचा टप्पा ओलांडते. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं की जाण्याचं आणि येण्याचं असं दोन्ही भाडं तुमच्या माथी. सुरुवातीला आधी पैसे घेऊनच पाठवा. आणि एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगाव, चंद्रपूरकडे जाणारी पार्सलं गाडीत तापतात. जारसाठीचं सोया मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, मऊ तर त्याआधीच होतं. त्या दोन महिन्यांत बदली माल द्यावा लागेल हे गृहीत धरा किंवा तिकडच्या ऑर्डर पावसाळ्यापर्यंत थांबवा.

लग्नाचे रिटर्न गिफ्ट किंवा कंपनीची दिवाळीची शंभर नगांची ऑर्डर आली की सूट मागितली जाते. किती द्यायची ते अंदाजाने ठरवू नका. शंभर नगांना जार आठ रुपयांनी स्वस्त पडला आणि मजुरी १५ वर आली तर खर्च १८९ होतो. त्याखाली एक रुपयाही उतरायचं नाही, ती तुमची तळरेषा. २५० सांगा, २४० ला सोडा. वरकड खर्च "तसाही होतोच आहे" म्हणून वगळू नका. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण सोया मेणाच्या मेणबत्तीला वास धरायला एक-दोन आठवडे ठेवावं लागतं आणि तेवढे दिवस तुमचे पैसे मेणात अडकतात. दुकानात विकेल तसे पैसे या बोलीवर माल ठेवलात तर ते आणखी अडकतात. अशा वेळी किती नग, कोणत्या तारखेला दिले याची यादी करून सही घ्या.

कर आणि छापील किंमत

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारात विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत, हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलतीही आहेत. त्याआधी सीएशी एकदा बसा. मेणबत्तीचा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी वस्तूंना दिलेला सांकेतिक क्रमांक, ३४०६ आहे, तो सांगितला की लागू असलेला दर लगेच कळतो. नोंदणी झाल्यावर कर छापील किमतीच्या आतूनच जातो. ५ टक्के दर धरला तर ४५० पैकी सव्वाएकवीस-साडेएकवीस रुपये कराचे आणि तुमचे ४२८. पुढे नोंदणी घ्यायची शक्यता असेल तर भाव आजच तेवढा जड ठेवा.

वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही आणि छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीचं स्टिकर चिकटवताही येत नाही. त्यामुळे मेणाचा दर चढला की जुनी छापलेली लेबलं गळ्यात पडतात. दर तीन महिन्यांनी, आणि दिवाळीच्या खरेदीआधी श्रावणात, नव्या बिलांवरून सगळा हिशेब पुन्हा करा. दुकानदाराला नवा भाव पंधरा दिवस आधी लेखी कळवा आणि जुना माल जुन्याच किमतीत संपू द्या. लेबलं एकदम पाचशे छापायला टाकणार असाल तर किंमत, महिना आणि वर्ष यांची जागा कोरी ठेवून घ्या. खोका भरताना तिथे शिक्का मारायचा.